पाण्याच्या दिवशी करायचा फ्रेजल व्हर्बचा सराव

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा पत्रव्यवहार मी बघतो. नवीन होतो तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाचा मेल आला, ऑर्डर ‘पुट ऑफ’ करावी लागतेय म्हणून. मी नेमका ‘ऑफ’ तेवढा वाचला. बटण ऑफ, तशी ऑर्डर ऑफ. मालकांना सांगितलं, दोन लूमवरचे बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, उतरवले गेले. पंधरा दिवसांनी तोच विचारतो, माल कुठवर आला? पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. रद्द करायची असती तर त्यानं ‘कॉल ऑफ’ लिहिलं असतं. मालक त्या दिवशी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून या जोडक्रियापदांच्या, म्हणजे फ्रेजल व्हर्बच्या, मागे लागलो. पाठ करायला म्हणून जी यादी मिळते, त्यात ‘गेट’ची वीस रूपं एकाखाली एक असतात: गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट बाय. ती यादी सरळ बाजूला ठेवा. चार दिवसांत त्यांचा काला होतो.

आधी मराठीकडे बघा

‘बोलणं’ आणि ‘बोलून बसणं’ यांत फरक आहे ना? बोलून बसलेला माणूस उभाही असू शकतो. ‘खाऊन टाक’ म्हणताना कुणी काही टाकत नाही. दुसरं क्रियापद आपला अर्थ सोडून पहिल्याला वेगळा रंग देतं. इंग्रजीत हे काम अप, ऑफ, आउट असले छोटे शब्द करतात. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं, ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणं. या तिन्हींत ‘अप’ म्हणजे ‘पूर्ण’. सगळीकडे हे चालत नाही, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं. पण निम्मी भीती इथंच जाते.

शिवाय काही तर तोंडात आहेतच. चादरींचे गठ्ठे भरायला येते ती पिकअप, वाटेत एसटीचा होतो तो ब्रेकडाउन, लग्नातला मेकअप. हीच जोडी तोडली की क्रियापद मिळतं: ‘द बस ब्रोक डाउन.’ नाम असताना जोर ‘ब्रेक’वर, क्रियापद असताना ‘डाउन’वर. मोठ्यानं म्हणून बघा.

मग एक प्रसंग निवडा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाण्याचा दिवस हा सरावाला उत्तम प्रसंग, कारण त्यातला क्रम कुणाला शिकवावा लागत नाही. पहाटे जाग येते, ‘आय वेक अप.’ अंथरुणातून उठतो, ‘आय गेट अप.’ (या दोन्हींत हिवाळ्यात अर्धा तास जातो.) मोटर लावतो, ‘आय टर्न ऑन द मोटर.’ बॅरल भरतो, ‘आय फिल अप द बॅरल.’ आणि नळ यायच्या आदल्या रात्री टाकी कोरडी पडते तेव्हा, ‘वुई हॅव रन आउट ऑफ वॉटर.’

हे वाचू नका. हातात पाइप असताना म्हणा. पाच वाक्यं पुरे, आठवडाभर तीच. पुढच्या आठवड्यात प्रसंग बदला: कामावर जाणं, फोनवर बोलणं, गड्ड्याची जत्रा.

‘इट’ कुठं बसवायचं

इथं बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून जरा थांबू. ‘टर्न ऑफ द मोटर’ चालतं, ‘टर्न द मोटर ऑफ’ही चालतं. पण मोटरऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘टर्न इट ऑफ.’ ‘टर्न ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळणं, फुटत नाही: ‘लुक आफ्टर इट.’

ओळखायचं कसं? कान लावा. मधे जागा देणाऱ्यांत जोर बहुधा छोट्या शब्दावर येतो, टर्न इट *ऑफ*. ‘लुक आफ्टर’मध्ये तो ‘लुक’वर असतो. नियम शंभर टक्के नाही, पण कामाला येतो.

भाचा सुट्टीला आला होता. बॅरल भरत आलं तसा ओरडला, “मामा, टर्न ऑफ इट!” मी म्हणालो, “बरोबर म्हण, मग बंद करतो.” तो विचार करत राहिला, पाणी जिन्यावरून खाली. आई आतून म्हणाली, “आधी ती मोटर बंद करा रे दोघं!”

गाडीत की गाडीवर

बस आणि रेल्वेला ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’. कार आणि रिक्षाला ‘गेट इन’, ‘गेट आउट’. ज्यात उभं राहून चालता येतं तिथं ऑन, वाकून बसावं लागतं तिथं इन. हुतात्मा एक्सप्रेसला गेट ऑन, स्टेशनबाहेरच्या रिक्षाला गेट इन.

आपल्याकडच्या खास चुका

‘कोप अप विथ’ असं काही नाही, नुसतं ‘कोप विथ’. ‘क्लोज द लाइट’ हे आपल्या ‘लाइट बंद कर’चं सोंग, तिथं ‘टर्न ऑफ’ हवं. आणि मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन 2019’ म्हणाल तर आपला माणूस समजून घेतो, बाहेरच्याला मात्र वाटू शकतं की तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडला होता. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

वहीत काय लिहायचं

‘गिव्ह अप = सोडणे’ असं लिहू नका. घरातलं खरं वाक्य लिहा, भूतकाळात, आणि समोर त्याचं मराठी: ‘माय अंकल गेव्ह अप टोबॅको.’ गेव्ह, रॅन, ब्रोक ही रूपं त्यात आपोआप येतात. दर रविवारी मराठी बाजू उघडी ठेवून इंग्रजी बाजू हातानं झाकायची आणि बोलायचं. जे दोनदा अडलं तेच पुढच्या आठवड्याच्या पाचांत घ्यायचं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजून ‘पुट ऑफ’च आहे, लाल पेनानं.