ऊसपट्ट्यातला धूर आणि प्रत्यारोपित फुप्फुस: घरी काळजी कशी घ्यावी

प्रत्यारोपणात फुप्फुसाकडे जाणाऱ्या नसा कापल्या जातात. त्यामुळे नव्या फुप्फुसात धूर गेला तरी पूर्वीसारखा ठसका लागत नाही, कफही नीट वर येत नाही. वाळवा किंवा कराड तालुक्यात तोडणीनंतर पाचट पेटते, तेव्हा घरचे खोकतात आणि रुग्ण शांत दिसतो. त्याला त्रास नाही असे समजू नका. आकडे पाहा.

१. मोजणी. रोज ठरलेल्या वेळी ताठ बसून स्पायरोमीटरमध्ये (फुंकर मोजणारे छोटे यंत्र) तीनदा फुंका आणि एफईव्ही-१ चा, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा, सर्वात मोठा आकडा वहीत लिहा. नेहमीपेक्षा १० टक्के घट, १००.४ फॅरेनहाइट ताप किंवा नवी धाप, यातले काहीही दिसले की त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. ‘धुरानं झालं असेल, उतरेल’ म्हणत थांबणे फार महागात पडते. जंतुसंसर्ग आणि रिजेक्शन (शरीराने नवे फुप्फुस नाकारणे) सुरुवातीला सारखेच दिसतात, उपचार मात्र जवळजवळ उलटे असतात.

२. खोली. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर हेपा फिल्टरच्या (बारीक कण अडवणारी जाळी) प्युरिफायरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देते तो आकडा, तासाला किमान १७० घनमीटर असावा. खिडकी उघडी ठेवून यंत्र लावणे म्हणजे वीज वाया. हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी धूर जमिनीलगत साचतो, म्हणून खिडक्या दुपारी १२ ते ४ मध्येच उघडा, तेही आसपास काही पेटलेले नसेल तर. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. अंघोळीचा लाकडावरचा बंबही बंद. घरातला सगळ्यात मोठा धूर बहुधा त्याचाच असतो. झाडूऐवजी ओला फडका वापरा आणि तेवढा वेळ रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा.

३. पाचटाचा दिवस. शेजारचा फड कधी पेटणार ते आधीच विचारून ठेवा. वारा घराकडे असेल तर रुग्णाला सकाळीच दूरच्या नातेवाइकांकडे हलवा.

४. मास्क. एन-९५ च लागतो. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. नाकावरची पट्टी दाबा आणि जोरात फुंकर मारा. गालाशी हवा लागली तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसणारच नाही.

गोठा, शेणखत, भिजलेला कडबा आणि भुसा यांपासून मास्क लावूनही लांबच राहा. तिथे ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. २०१९ आणि २०२१ सारखा कृष्णेचा पूर घरात आला, तर भिंती पूर्ण वाळून साफ होईपर्यंत रुग्णाला त्या घरात आणू नका.

५. औषधे. टॅक्रोलिमस (रिजेक्शन रोखणारी गोळी) बरोबर १२ तासांच्या अंतराने. रक्तातली तिची पातळी तपासायच्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी. पपनस खाऊ नका. खोकल्यासाठी गावात क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल लिहून दिले, तर टॅक्रोलिमसची पातळी चढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पहिली गोळी घेण्याआधी केंद्राला विचारा.