थकबाकी माझी नव्हतीच

वसुली एजन्सीच्या नोटिशीचं पाकीट उघडलं आणि पोटात गोळाच आला. कधीच बंद केलेल्या क्रेडिट कार्डाची थकबाकी, वर व्याज. एजन्सीचा माणूस फोनवर गोडीत म्हणाला, ‘निदान थोडे तरी भरून टाका.’ फसायला होतं ते इथेच. थोडे भरले तरी कर्ज मान्य केल्यासारखं होतं, आणि बऱ्याच देशांत जुन्या कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टात जायची कायदेशीर मुदत त्यामुळे नव्याने सुरू होऊ शकते. मी म्हटलं, ‘जे काय असेल ते लेखी द्या.’

नोटिशीतली हरकतीची मुदत संपायच्या आत पोचपावतीसह पत्र धाडलं: हे कर्ज मला मान्य नाही, मूळ करार, रकमेचा हिशोब आणि वसुलीचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, ते दाखवा. सोबत खातं बंद झाल्याच्या पत्राची झेरॉक्स. (मूळ कागद कधीच देऊ नये.) झेरॉक्स काढताना लक्षात आलं, नोटिशीतल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे माझे नव्हतेच! आधी बघितले असते तर रात्रभर तळमळलो नसतो. पत्रात तेही जोडलं.

तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, मागणी मागे. दिलगिरी वगैरे काही नाही. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माझ्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल, लगेच मागवला, पुढच्या महिन्यात पुन्हा. या थकबाकीची नोंद चढलेली नव्हती. ते एका ओळीचं पत्र मात्र अजून फायलीत आहे.