घरच्या घरी पोच्ड एग अन हॉलंडेज सॉस, आपल्या नागपुरी किचनमध्ये

एग्ज बेनेडिक्ट घरी करताना लोक घाबरतात ते अंडं फुटेल म्हणून अन सॉस फाटेल म्हणून, पण खरी पंचाईत वेगळीच असते. सगळं एकाच वेळी करायला गेलो की फसतं. एका बर्नरवर पाणी उकळून राहिलं, दुसऱ्यावर सॉस, तव्यावर पाव जळून राहिला अन टेबलावर चार जण वाट पाहत बसले, मग कोणाचंही डोकं चालत नाही. हॉटेलवाले असं करतच नाहीत, ते अंडी आधीच पोच करून, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवून, थंड पाण्यात ठेवून देतात अन ऑर्डर आली की फक्त गरम करतात. आपणही तेच करायचं. अंडी आधी, मग पालक-पाव वगैरे, अन सॉस सगळ्यात शेवटी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, अर्धा कापलेला टोस्ट केलेला गोल ब्रेड, त्यावर हॅम, त्यावर पाण्यात सोडून शिजवलेलं बिनकवचाचं अंडं अन वरून बटरचा पिवळा गरम सॉस, हे झालं बेनेडिक्ट. हॅमच्या जागी पालक टाकला की फ्लोरेंटाइन, स्मोक्ड सालमन टाकला की रॉयल. सॉस तोच.

आता अंडी. अंडी ताजी पाहिजेत, ह्यात तडजोड करू नका. अंडं जुनं होत गेलं की त्यातला पांढरा भाग पातळ होत जातो अन तोच पातळ भाग पाण्यात गेल्यावर चिंध्या होऊन पसरतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो अन दुकानात अंड्यांचा ट्रे बाहेरच ठेवलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात अंडं फार लवकर जुनं होतं. ज्या दुकानातून रोज ट्रेच्या ट्रे उठतात तिथूनच घ्या अन घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका. तपासायला गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घ्यायचं अन अंडं सोडायचं. आडवं तळाशी बसलं तर पोच करायला एकदम बढिया, तळाशीच पण उभं राहिलं तर उकडायला अन भुर्जीला ठीक आहे, तरंगलं तर फेकून द्या.

ताज्या अंड्यातही थोडा पातळ भाग असतोच, तर तो काढायचा. अंडं फोडून सरळ गाळणीत टाका, बारीक जाळीची पाहिजे, चहाची मोठी गाळणी चालते पण चांगली घासून घ्या नाहीतर चहापत्तीचा वास लागतो. दहा सेकंद हलकं हलकं फिरवलं की पातळ पाणी खाली गळून जातं अन गाळणीत घट्ट पांढरा अन पिवळा एवढंच राहतं. ते वाटीत काढा. हे एवढं केलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली, पाण्यात भोवरा करायची वगैरे गरजच पडत नाही. भोवरा तसाही एका अंड्यालाच चालतो, चार जणांसाठी करून राहिले असाल तर काय चार वेळा पाणी फिरवत बसणार.

गरमीचं गणित एकदा समजून घ्या कारण पुढे सॉसलाही तेच लागणार आहे. अंड्यातला पांढरा भाग साधारण ६२-६५ डिग्रीला बसायला लागतो, पिवळा ६५ च्या पुढे दाट होतो अन ७० च्या आसपास घट्ट होतो. म्हणजे पिवळा वाहता ठेवायचा असेल तर खळखळ उकळत्या पाण्याचं कामच नाही, ८०-८५ डिग्री भरपूर झालं. थर्मामीटर नसेल तर काही अडत नाही, रुंद गंजात किंवा कढईत बोटभर नव्हे, चांगलं चार बोटं पाणी घ्या, एक उकळी येऊ द्या अन मग गॅस एकदम बारीक करा, तळाशी बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील, वर वाफ असेल, पण पाणी शांत असेल. हेच पाहिजे.

एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर टाका, चायनीजसाठी घरात असतं तेच. आंबट पाण्यात पांढरा भाग लवकर धरतो. जास्त टाकू नका, अंडं वरून खरबरीत होतं अन चवही लागते. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस टाका.

मग वाटी पाण्याच्या अगदी जवळ नेऊन, काठ पाण्याला लावूनच अंडं अलगद सोडायचं. वरून टाकाल तर फुटेल. एकामागे एक चार सोडता येतात, फक्त कोणतं पहिलं सोडलं ते लक्षात ठेवा, मी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सोडतो म्हणजे काढतानाही तोच क्रम राहतो. पहिला अर्धा मिनिट हात लावू नका. मग झाऱ्याने हळूच तळ सोडवा. तीन मिनिटं पुरे. बाहेरच्या रेसिप्यांमध्ये चार मिनिटं लिहिलेलं असतं पण त्यांचं अंडं मोठं असतं, आपलं बाजारातलं साधारण ५०-५५ ग्रॅमचं, अन गावरान घेतलं तर त्याहून लहान, त्याला अडीच मिनिटं पण होतात. झाऱ्यावर उचलून बोटाने दाबून पहा, पांढरा भाग घट्ट अन मधोमध लुसलुशीत लागलं की झालं.

काढलं की सरळ बर्फाच्या पाण्यात. शिजणं तिथेच थांबतं. ह्याच थंड पाण्यात बुडवून झाकण ठेवून फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत छान राहतात, म्हणजे शनिवारी रात्री टीव्ही पाहता पाहता सगळी अंडी पोच करून मोकळे होता येतं. वाढायच्या वेळी बोटाला जेमतेम सोसेल एवढ्या गरम पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवायची, गॅस बंद पाहिजे, अन मग कपड्यावर किंवा टिश्यूवर निथळून घ्यायची. निथळायचं विसरू नका, नाहीतर प्लेटमध्ये पाणी सुटतं अन सॉस पातळ होऊन वाहून जातो.

सॉस आता. हॉलंडेज म्हणजे पिवळ्या बलकात बटर मिसळून त्याचा दाट सॉस करणे. तेल अन पाणी एकमेकांत मिसळत नाही पण बलकात लेसिथिन असतं, ते बटरच्या बारीक बारीक थेंबांना धरून ठेवतं. धरून ठेवायला त्याला वेळ लागतो, म्हणून बटर घाईने ओतलं की फाटतं. कारण एवढंच आहे, बाकी काही जादू नाही त्यात.

तीन-चार जणांसाठी २ बलक, १ मोठा चमचा पाणी, २ लहान चमचे लिंबाचा रस अन अमूल बटरचं १०० ग्रॅमचं एक पाकीट. ते बटर खारं असतं तेव्हा मीठ वेगळं टाकू नका, शेवटी चाखून पहा. बटर बारीक गॅसवर वितळवा, वरचा पांढरा फेस चमच्याने काढा, तळाशी जो गढूळ भाग बसतो तो तिथेच राहू द्या, वरचं पिवळं वापरा. घरचं लोणी असेल तर फारच मस्त, पण ताक पूर्ण धुऊन काढलेलं पाहिजे अन मग मीठ आपलं आपण टाकायचं. तुपाचं विचाराल तर होतो सॉस, पण कढवलेल्या तुपाचा खमंग वास सगळ्यावर बसतो अन मला तो ह्या डिशमध्ये आवडत नाही. तरी करायचंच असेल तर चमचा-दीड चमचा पाणी जास्त घ्या, कारण बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात राहत नाही.

गंजात दोन बोटं पाणी गरम करा, त्यावर स्टीलचं भांडं असं बसवा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही, फक्त वाफ लागेल. त्यात बलक, पाणी अन लिंबू टाकून फेटत राहा, थांबायचं नाही. दोन-तीन मिनिटांत रंग फिका होतो, दाटपणा येतो अन फेटणी फिरवली की तळ दिसायला लागतो. लगेच भांडं खाली उतरवा. हात भाजेल एवढं भांडं तापलं तर समजा ७० कडे चाललं, उचला, थोडं थांबा, परत ठेवा. आता कोमट-गरम बटर आधी थेंब थेंब, खरंच थेंब थेंब, अन सॉस धरायला लागला की मग बारीक धार. भांडं हलू नये म्हणून खाली ओला कपडा ठेवला तर दोन्ही हात मोकळे राहतात. शेवटी चिमूटभर तिखट. मूळ रेसिपीत केयेन मिरची असते, आपल्या जिल्ह्यात भिवापूरची मिरची असताना ती शोधत कशाला फिरायचं, भिवापुरीचं तिखट टाका, पण चिमूटभरच. सावजी मसाला वगैरे ह्यात टाकू नका, खड्या मसाल्यासमोर बटर-लिंबाची चव टिकतच नाही, काहून मग एवढी मेहनत करायची.

फाटलाच तर फेकू नका. दुसऱ्या भांड्यात एक चमचा गरम पाणी घ्या अन फाटलेला सॉस त्यात थेंब थेंब टाकत फेटा, परत जुळतो. नाहीच जुळला तर पाण्याच्या जागी एक नवीन बलक घ्या. फार दाट झाला तर चमचाभर कोमट पाणी. पण बलक शिजून त्यात कण दिसायला लागले, भुर्जीसारखं झालं, तर मग तो सॉस परत येत नाही, नवीन करा.

हॅन्ड ब्लेंडर असेल त्यांचं काम दोन मिनिटांचं आहे. लस्सीच्या उंच स्टीलच्या ग्लासात बलक, पाणी, लिंबू टाका, वरून सगळं बटर ओता, ते चांगलं कडक गरम पाहिजे कारण बलकाला गरमी तेवढ्यानेच मिळणार आहे, ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा अन हळूहळू वर उचला. मिक्सरचं सांगून ठेवतो, मोठ्या भांड्यात दोन बलकांपर्यंत पातं पोहोचत नाही अन चटणीच्या भांड्याच्या झाकणाला बहुतेक भोकच नसतं, तेव्हा मिक्सरच्या नादी लागू नका.

तयार सॉस ठेवायला थर्मास. गरम पाण्याने आतून विसळा, पाणी फेका, सॉस ओता, झाकण लावा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इकडे इतकी थंडी असते की टेबलावर ठेवलेला सॉस बघता बघता गोठायला लागतो, तेव्हा थर्मास फार कामी येतो. पण तासाभरात संपवायचा, उरला तर टाकून द्यायचा, हा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खायचा पदार्थ नाही. बलक अर्धाच शिजलेला असतो, म्हणून लहान पोट्ट्यांना, गरोदर बायकांना अन म्हाताऱ्या माणसांना हा सॉस अन वाहतं अंडं दोन्ही देऊ नका, त्यांच्यासाठी कडक उकडलेलं अंडं अन साधं बटर ठेवा.

आता आपल्या इथली खास गोष्ट. फ्रेंच लोकांचा माल्टेज नावाचा सॉस आहे, तो म्हणजे हॉलंडेजच, त्यात लाल गराच्या संत्र्याचा रस अन साल. ते अ‍ॅस्परॅगससोबत खातात. आपल्याकडे संत्र्याला काय कमी! आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, दोन्हीत करता येतं. चार मोठे चमचे रस आटवून एक चमचा करा, तोच पाण्याच्या जागी वापरा, लिंबू मात्र राहू द्या कारण नागपुरी संत्रं गोडसर असतं, एकट्याने आंबटपणा पुरत नाही. साल किसायची ती संत्रं सोलायच्या आधी, आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसणीवर धरताच येत नाही. फक्त वरचा केशरी भाग घ्या, पांढरा कडू लागतो. हा सॉस पालकावर अन वाफवलेल्या बीन्सवर इतका छान लागतो की मी तर हिवाळ्यात साधा हॉलंडेज करतच नाही.

खाली काय ठेवायचं? इंग्लिश मफिन नाही मिळाला तर पाव आडवा कापून आतली बाजू तव्यावर चांगली लाल करा, कोरडीच, नाहीतर अंडं फुटल्यावर पावाचा लगदा होतो. मला विचाराल तर ज्वारीची लहान, जाडसर भाकरी सगळ्यात चांगली, कडक राहते अन बटरच्या गोडसरपणाला तिची चव बरोबर बसते. पालक लसणावर परतून पिळून घ्या, हॅमच्या जागी चिकन सलामी किंवा मशरूम चालतात. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून टाका.

अन भांडी लगेच थंड पाण्याने विसळून ठेवा, गरम पाणी टाकलं तर अंडं भांड्यावर शिजून चिकटतं. मग साबण, अन वशाट वास राहिलाच तर बेसन किंवा लिंबाची साल घासा. सॉसमधून उरलेले दोन पांढरे झाकून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी हिरवी मिरची अन कांदा टाकून एका माणसाचं ऑम्लेट होतं.