उभ्या गाडीचं गणित : पोलिसांच्या मोटारसायकलला दिवे बसवायला शिकताना

पोलिसांच्या मोटारसायकलला लाल-निळे दिवे बसवायचं काम शिकायला येणारी पोरं आल्या आल्या एकच विचारतात : कुठला दिवा जास्त मारतो? विचारायला हरकत नाही, पण तो शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की ही गाडी दिवसभर करते काय? बीट मार्शलची, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाची, गाडी चोराच्या मागे सुसाट सुटते ते कधीतरी. एरवी ती चौकात उभी असते, नाकाबंदीला उभी असते, गणपतीच्या बंदोबस्तात मंडपाच्या तोंडाशी रात्रभर उभी असते. इंजिन बंद, दिवे चालू. हे ज्याच्या डोक्यात बसलं त्याला हे काम जमतं. वायरी जोडायला काय, हाताखाली राहून कोणीही शिकतो.

मी पुण्यात दुचाकींच्या वायरिंगचं काम करतो. पोलिसांच्या गाड्या बहुतेक ठेकेदारामार्फत येतात, कधी एखादी गाडी दुरुस्तीला थेट येते. त्या कामातून जे कळलं ते लिहितोय.

दुचाकीची वीज येते मॅग्नेट कॉइलमधून. इंजिन फिरलं की कॉइल एसी तयार करते, रेग्युलेटर त्याचं डीसी करून बॅटरीला १४ ते १४.५ व्होल्टच्या आसपास देतो. इंजिन नुसतं स्लोवर चालू असेल तर हा पुरवठा बराच खाली येतो. आता १५०-१६० सीसीच्या गाडीला बॅटरी किती? साधारण ६ ते ९ अँपिअर-अवर. ८ धरा. पुढे लेगगार्डवर दहा-दहा वॉटचे दोन एलईडी, मागच्या खांबावर वीस वॉटचा एक, मिळून ४० वॉट. लुकलुकताना दिवा साधारण अर्धा वेळ बंदच असतो, म्हणून सरासरी २० वॉट. बाराने भागलं की १.७ अँपिअरच्या जवळ. कागदावर ही बॅटरी पावणेपाच तास चालायला हवी. पण अर्धी उतरल्यावर तिच्यावर सेल्फचा भरवसा राहत नाही. म्हणजे हातात आले सव्वादोन-अडीच तास, तेही बॅटरी नवी असेल तर. त्यात ६० वॉटचा सायरन धरा, म्हणजे वाजेपर्यंत आणखी ५ अँपिअर. मोबाइल चार्जर तर प्रत्येकाला हवाच असतो.

जीपच्या टपावर फिरणारा जुना हॅलोजन दिवा आठवतो? आतला बल्ब ५५ वॉटचा असला तर साडेचार अँपिअर सतत. इंजिन बंद ठेवून उभ्या असलेल्या दुचाकीला तो तासभरही परवडत नाही. एलईडी आले आणि आपल्यासारख्यांची सोय झाली, पण त्यामुळेच लोक बेफिकीर झाले. एवढासा दिवा तर आहे, अजून दोन लाव की!

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक दुचाकी फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पेट्रोलचा पंप, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं बॅटरीच्या जिवावर. पूर्वीच्या कितीतरी सीडीआय (ठिणगी देणारी जुनी इलेक्ट्रॉनिक पद्धत) गाड्या बॅटरी मेली तरी किक मारली की उठायच्या. आता पुष्कळ गाड्यांना किकच नाही. रात्री अडीचला नाकाबंदीवर गाडी सेल्फ घेत नाही म्हटल्यावर फोन फिटरला येतो, गाडी बनवणाऱ्याला नाही.

म्हणून मी दिव्यांच्या लाइनवर लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजला उतरली की लाइन तोडणारं मॉड्यूल, घातल्याशिवाय गाडी सोडत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी बसल्या बसल्या १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. तिथे आलं की मॉड्यूल लाइन तोडतं. यावर एका हवालदार साहेबांशी माझं चांगलंच वाजलं होतं. “मिस्त्री, दिवा आपोआप विझला आणि मागून ट्रक आला तर?” मुद्दा रास्त होता. अंधारात उभी गाडी हा धोकाच. तेव्हापासून सगळं एकदम तोडत नाही. सायरन चावी चालू असेल तरच वाजतो. व्होल्टेज उतरलं की आधी बझर वाजतो, मग पुढचे दिवे जातात, आणि मागचा एक छोटा दिवा मंद होऊन चालू राहतो. त्याला दोन-तीन वॉट पुरतात. हे करायला दोन मॉड्यूल आणि थोडी जास्त वायर लागते. ठेकेदार कुरकुर करतो. करू दे.

फिटिंग झाल्यावर तपासायचं कसं, तर बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावा, इंजिन स्लोवर ठेवा, हेडलाइट आणि सगळे दिवे चालू करा. २०१७ पासूनच्या गाड्यांना इंजिन चालू असलं की हेडलाइट आपोआप लागतोच, तो धरूनच मोजायचं. मीटर १३ च्या खाली घसरत चाललं असेल तर बॅटरी भरत नाहीये, उतरतेय. मग रेस वाढवून बघा, १४ च्या पुढे जातं का. जात नसेल तर भार जास्त आहे किंवा चार्जिंगमध्येच दोष आहे. हा दोष दिवे बसवायच्या आधी शोधायचा असतो, कारण नंतर तो तुमच्या नावावर लागतो. गाडी ताब्यात घेताना रीडिंग घ्या, कागदावर लिहा, गाडी आणणाऱ्याची सही घ्या.

आता वायरिंग. मूळ वायरिंग किटला ब्लेड लावायचं नाही, वायरीला टोचून बसणाऱ्या क्लिपा तर अजिबात नाही. वॉरंटी जाते ती गोष्ट वेगळीच, पण तीन पावसाळ्यांनी त्या टोचलेल्या जागी तांबं हिरवं पडतं आणि मग इंडिकेटरचा दोष शोधत बसा. पॉवर थेट बॅटरीवरून घ्या. फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच हवा; वायर दोन फूट लांब नेऊन फ्यूज लावला तर ते दोन फूट उघड्यावर. दिव्यांना ५ अँपिअरचा पिवळसर-तपकिरी ब्लेड फ्यूज, सायरनला वेगळी लाइन आणि १० चा लाल. चावीकडून फक्त इशारा घ्यायचा, तो रिलेच्या (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) ८६ नंबरच्या पिनला. भार सगळा ३० नंबरच्या पिनवरून ८७ ला. एबीएसच्या किंवा ईसीयूच्या कपलरजवळ (वायरी जोडणारा प्लग) बल्बचा टेस्ट लॅम्प नेऊ नका. तो स्वतः करंट ओढतो. तिथे मल्टीमीटरच.

सगळ्यात जास्त वायरी तुटतात मानेत, म्हणजे हँडल जिथे फिरतं तिथे. बांधून झाल्यावर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, आणि ते बघताना बोट वायरीवर ठेवा. डोळ्याला सैल दिसणारी वायर बोटाला ताणलेली लागते. जोडाला नुसतं सोल्डर मारलं की शिसं वायरीच्या आत चढतं, ती जागा काडीसारखी कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. बुलेटवर तर लवकरच. चांगलं क्रिंप, म्हणजे पकडीने दाबून बसवलेला जोड, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवलं की आवळणारी नळी, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधलेली. दिव्यात शिरणारी वायर खालून वर न्या, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून बाहेर पडेल. खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दिवा मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. तुम्ही लावलेला कपलर टिकेल असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. कोकणातली गाडी असेल तर नट-बोल्ट स्टेनलेसचेच घ्या.

मागचा खांब दिसायला रुबाबदार, पण वर वजन आणि खाली वेल्डिंग. भेग पडते ती वेल्डिंगच्या कडेला. खांब जेवढा आखूड चालेल तेवढा बरा, नट नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले, थरथरीने न सुटणारे), आणि कॅरियरखाली जाड पट्टी.

स्विचबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दामिनी पथकातल्या एका मॅडमनी. मी दिव्याचं आणि सायरनचं बटण शेजारी-शेजारी, एकसारखं लावलं होतं, जसं सगळे लावतात. त्यांनी रेनकोटचा ओला हातमोजा घातला, डोळे समोर ठेवले आणि अंगठ्याने चाचपून म्हणाल्या, “आता यातलं कुठलं, दादा?” तेव्हापासून दिव्याला खटका, सायरनला गोल दाबबटण, दोन्ही डाव्या मुठीला, कारण उजवा हात रेसवर असतो. हॉर्नपासून लांब.

मग रात्री अंधारात गाडी उभी करा, हेल्मेट घाला, व्हायझर खाली घ्या आणि सीटवर बसून दिवे लावा. ही चाचणी कोणीच करत नाही. पुढचे दिवे हेडलाइटच्या वरच्या पातळीला असले की स्पीडोमीटरच्या काचेवर आणि व्हायझरवरच्या ओरखड्यांवर निळा झगमगाट होतो, चालवणाऱ्यालाच रस्ता दिसेनासा होतो. दिवे खाली, लेगगार्डवर, किंचित बाहेरच्या बाजूला वळवून लावा. इंडिकेटर झाकला जात नाही ना, तेही बघा.

रंगाचं असं आहे : उन्हात लाल बरा उठतो, रात्री निळा. अंधारात आपला डोळा निळ्याकडे जास्त झुकतो, म्हणून तोच दिवा दिवसा फिका आणि रात्री डोळ्यात घुसणारा वाटतो. रात्रीसाठी मंद करायची सोय असलेला कंट्रोलर मिळत असेल तर तो घ्या. लुकलुकण्याचा वेग युरोपच्या इशाऱ्याच्या दिव्यांसाठीच्या आर६५ नियमात सेकंदाला २ ते ४ वेळा ठरवलाय, आणि तो बरोबर आहे. त्याहून वेगात चमकवलं की डोळ्याला ते एक भुरभुरतं चित्र दिसतं, गाडी किती लांब आहे ते कळत नाही. बाजारातल्या कंट्रोलरमध्ये वीस-वीस पॅटर्न असतात. दोन ठेवा, बाकीचे बंद करा.

स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर वॉकीटॉकीत खरखर आणतात. गाडी देण्याआधी दिवे लावून कर्मचाऱ्याला कंट्रोलशी बोलायला सांगा. खरखर असेल तर वायरींची जोडी पिळून घ्या, त्यावर फेराइटचं, म्हणजे खरखर अडवणारं काळं चुंबकीय, कडं चढवा; तरी गेली नाही तर दिवा परत करा.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ दिव्यांचा. १ मे २०१७ पासून ‘लाल दिव्याची गाडी’ हा थाट संपला. लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा राहिला तो आणीबाणीच्या कामाच्या गाड्यांना, म्हणजे अग्निशमन, कायदा-सुव्यवस्थेतले पोलीस, सैन्यदलं, आपत्ती व्यवस्थापन, आणि तोही त्या कामावर असतानाच. सायरनसाठी नियम ११९ बघा. तुमच्याकडे एखादा कार्यकर्ता बुलेट घेऊन येईल, “भाऊ, नुसते लाल-निळे टाक, कोण बघतंय” म्हणेल. टाकू नका. पोलिसांच्या गाडीचं कामही विभागाचं पत्र किंवा ठेकेदाराची वर्क ऑर्डर बघूनच घ्या, आणि त्याची प्रत जपून ठेवा.

शिकायचं कुठे? आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल, ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स किंवा टू-व्हीलरचा ट्रेड घ्या. पुण्याच्या पोरांना औंधची आयटीआय आहेच. वायरमन केलेली पोरंही या कामात येतात, त्यांचा हात साफ असतो, फक्त घरात वायर हलत नाही आणि इथे सतत हलते, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्यानंतर अॅप्रेंटिसशिप शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला करा, कारण वायरिंग डायग्राम वाचायची सवय तिथेच लागते. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये हात तयार होतो, डायग्राम राहून जातो.

पहिली दोन-तीन वर्षं सरकारी काम स्वतःच्या नावावर घेऊ नका. उद्यम नोंदणी, जीएसटी, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर खातं हे सगळं होईल, पण बिल निघेपर्यंत दिवे, मॉड्यूल, वायर सगळं तुमच्या खिशातून गेलेलं असतं. आधी मोठ्या फिटरच्या हाताखाली गाडीमागे ठरलेल्या मजुरीवर काम करा. आणि मजुरी ठरवताना फिटिंगचा दर वेगळा, नंतरच्या दुरुस्तीचा वेगळा लिहून घ्या. बंदोबस्ताच्या आदल्या संध्याकाळी एकदम सात-आठ गाड्या दारात येतात, सगळ्यांना सकाळी सहाला निघायचं असतं, आणि तेव्हा दर बोलायला कोणालाच वेळ नसतो.