गुलमर्गला स्की शिकायला जाताय? आधी हवामान बघायला शिका

गुलमर्गच्या बेसिक स्की कोर्सला नाव घातलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तेव्हा बर्फ असेल ना?’ मोबाइलवर पंधरा दिवस पुढचं हिमवृष्टीचं चित्र बघून खूश होणारे प्रत्येक बॅचमध्ये भेटतात. त्या चित्रावर विसंबू नका. काश्मीरचा हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालींच्या जिवावर पडतो. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतात. त्यापलीकडचा अंदाज रोज फिरतो.

चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, थंडी कडाक्याची असते, पण नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते. २०२५ मध्ये तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. तरी निवड करायचीच तर मी फेब्रुवारीचीच बॅच घेईन. तोवर थोडा तरी थर साचायला वेळ मिळालेला असतो.

निघायच्या आठवड्यात मात्र अंदाज नीट वाचा. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, गुलमर्ग २,६५० च्या आसपास. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. श्रीनगरला पाऊस आणि ४ अंश दाखवत असतील, तर गुलमर्गला उणे दोन-तीन, म्हणजे बर्फच. तेच ९ अंश असतील तर वरही पाऊस किंवा ओला बर्फ. १० मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने १० सेंटिमीटर बर्फ होतो, गारठा जास्त असेल तर आणखी.

आमचे इन्स्ट्रक्टर सकाळी स्लोपवर ग्लव्ह काढून मूठभर बर्फ दाबून बघायचे. भुगा होऊन सांडला तर ठीक. लाडू वळला गेला की म्हणायचे, ‘आज स्की चिपकेगा.’

आणि नवख्याला ताजा बर्फ मानवतही नाही. गुडघाभर पावडरमध्ये स्नो-प्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करणं) जमत नाही, पडल्यावर उठताना दमछाक होते. दाबून बसलेल्या थरावर, ऊन आल्यावर जरा मऊ झालं की शिकणं खरं होतं. भल्या सकाळी तोच उतार रात्रभर गोठून टणक झालेला असतो.

तापमानाइतकंच वाऱ्याकडेही बघा. अफरवट डोंगरापर्यंत, जवळपास ३,९५० मीटरवर जाणारा गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा वारा वाढला की बंद होतो. वारा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचतो, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असा थर सुटू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. म्हणून कोर्समधल्या पोरांनी ‘एकदा वरून उतरून बघू’ म्हणू नये.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. मोठ्या हिमवृष्टीत गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपर्यंतच्या घाटात चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, श्रीनगरची विमानं रद्द होतात, आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींची बॉसला फोन लावायची धांदल उडते.