मॉड्युलर सिंथसाठी भरवशाच्या पॅच केबल कशा निवडाव्यात

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) केबलने जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य; त्या जोडणीला पॅच म्हणतात. पॅच चालू असताना आवाज मध्येच गप्प झाला की आधी मॉड्यूलवर संशय येतो. तपासाची सुरुवात मात्र केबलपासून करावी, तीही तार प्लगला जिथे जोडलेली असते त्या सांध्यापासून. केबल तुटते ती बहुधा तिथेच. खरेदी करतानाही नजर तिथेच ठेवा.

१. आधी आपली सिस्टिम पाहा. युरोरॅक या छोट्या मॉड्यूलच्या पद्धतीला ३.५ मिमीचा मोनो प्लग लागतो, मूग पद्धतीच्या मोठ्या मॉड्यूलना ६.३५ मिमीचा. सर्ज बनावटीच्या सिंथमध्ये बनाना प्लग (एकाच पिनचे) असतात. बुक्ला बनावटीत कंट्रोल व्होल्टेजला (सूर वगैरे बदलणाऱ्या विद्युत सिग्नलला) बनाना आणि ऑडिओला वेगळे छोटे जॅक. बनाना केबलमध्ये एकच तार असते. त्यामुळे मॉड्यूल बसवायच्या दोन वेगळ्या पेट्या जोडताना ग्राउंडची तार स्वतंत्र जोडावी लागते.

२. प्लग हातात घेऊन तपासा. बाहेरचं आवरण जाड असेल तर शेजारशेजारच्या जॅकमध्ये दोन प्लग बसत नाहीत, आणि नॉब फिरवायला बोटही शिरत नाही. तार बाहेर पडते तिथे लवचीक रबरी बाही हवी. साच्यात ओतलेला प्लग सडपातळ असतो, पण बिघडला की दुरुस्त होत नाही. स्क्रूने उघडणारा प्लग पुन्हा सोल्डर करता येतो, फक्त जागा जास्त खातो. दाटीवाटीच्या रॅकसाठी मी ओतलेलाच घेईन. सोन्याच्या मुलाम्यासाठी जादा पैसे मोजू नका. निकेल कठीण असतं, सतत काढघाल सोसतं.

३. शिल्डची, म्हणजे तारेभोवती गुणगुण अडवणाऱ्या धातूच्या वेष्टणाची, काळजी बेताने करा. युरोरॅकमधला ऑडिओ सिग्नल साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक (लहरीच्या तळापासून शिखरापर्यंत), म्हणजे चांगलाच दणकट असतो. हातभर केबलला शिल्ड नसली तरी गुणगुण सहसा ऐकू येत नाही. मिक्सरपर्यंत जाणारी लांब केबल मात्र शिल्डवालीच घ्या. ‘आवाज उजळवणाऱ्या’ केबलच्या जाहिराती खुशाल सोडून द्या.

४. लांबी मिसळून घ्या. १५ सेंमीच्या थोड्या, ३० ते ६० सेंमीच्या भरपूर, ९० सेंमीच्या मोजक्या. ताणलेली केबल सांध्यावर भार टाकते, फार लांब केबल नॉब झाकते. लांबीनुसार रंग ठरवलात तर शोधाशोध वाचते.

५. गठ्ठा घेण्याआधी दोन-चार नमुने आणून तपासा. मल्टीमीटर कंटिन्यूटीवर (जोड अखंड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. प्लगचा पुढचा बिंदू म्हणजे टोक, मागचा धातूचा भाग म्हणजे स्लीव्ह: टोक ते टोक बीप, स्लीव्ह ते स्लीव्ह बीप, टोक ते स्लीव्ह शांतता. बीप चालू असताना प्लगजवळची तार चारही दिशांना वाकवा. मीटर नसेल तर कानाने तपासा. केबलमधून ३ व्होल्टचा स्थिर कंट्रोल व्होल्टेज ऑसिलेटरच्या (सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलच्या) १ व्होल्ट प्रति सप्तक इनपुटला द्या आणि केबल हलवा. जोड क्षणभर जरी सुटला तरी सूर थेट तीन सप्तकं खाली कोसळतो. ऑडिओतल्या बारीक खरखरीपेक्षा हे पटकन कळतं.

६. स्टॅकेबल केबल, म्हणजे प्लगवरच दुसरा जॅक असलेली, एक-दोन असाव्यात. एक आउटपुट अनेक ठिकाणी नेण्यापुरत्याच त्या वापरा. दोन आउटपुट एकत्र जोडू नका, त्यासाठी मिक्सर आहे. सूर ठरवणारा व्होल्टेज असा अनेक ठिकाणी विभागला तर किंचित घसरू शकतो, तिथे बफर्ड मल्टिपल (व्होल्टेज न घसरू देता सिग्नलच्या प्रती देणारं मॉड्यूल) बरं.

केबल काढताना प्लग धरून ओढा, तार नव्हे. आणि खराब निघालेली केबल परत खोक्यात टाकू नका. दुरुस्त होणारी नसेल तर तिथल्या तिथे कापा, नाहीतर ती ऐन कार्यक्रमात हाताला लागते.