युद्धकैदी रंगवताना या चुका टाळा : छावणी म्हणजे तुरुंग नव्हे

ठाणे-नवी मुंबईच्या हौशी मंडळांना युद्धकैद्यांचा विषय सोयीचा वाटतो. एक बराक, पाच-सहा पात्रं, गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, नेपथ्य एका टेम्पोत मावतं. घोळ होतो तो संहितेत. लेखकाच्या डोक्यात तुरुंगपट बसलेला असतो. मग पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, बेड्या, सळ्यांवर दांडा आपटणारा जेलर हे सगळं आपोआप येतं. पण युद्धकैदी गुन्हेगार नसतो. त्याला शिक्षा झालेली नसते, त्यामुळे सुटकेची तारीखही नसते. त्या नसलेल्या तारखेवर अख्खी एकांकिका उभी राहू शकते.

कपडे आणि हुद्दा

युद्धकैद्यांना कसं वागवायचं हे ठरवणाऱ्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार हुद्द्याच्या फिती आणि राष्ट्रचिन्हं कैद्याच्या अंगावरच राहतात. पैसे काढून घ्यायचे तर अधिकाऱ्याचा हुकूम लागतो आणि पावती द्यावी लागते. अधिकाऱ्याला कामाला जुंपता येत नाही. हवालदाराला फक्त देखरेखीचं काम देता येतं. कैदी अधिकारी छावणीच्या प्रमुखाला सॅल्यूट करतो, मग तो प्रमुख हुद्द्यानं लहान का असेना. कर्नलनं मेजरला केलेला असा एक सॅल्यूट नीट बसवला, तर अपमानावरचे संवाद कापता येतात.

कथा दुसऱ्या महायुद्धातली असेल तर १९४९ चा करार पात्रांच्या तोंडी घालू नका. तेव्हा १९२९ चा करार होता. जपाननं त्यावर सही केली होती, पण मान्यता दिली नव्हती.

भाड्याचा गणवेश कडक इस्त्रीत येतो आणि सहा महिने छावणीत काढलेला माणूस वरातीतल्या बँडवाल्यासारखा दिसतो. स्वतःचं कापड असेल तर चार-पाच वेळा धुवा, चहाच्या पाण्यात बुडवा, कॉलर, कोपर आणि गुडघ्यांवर काचपेपर फिरवा. पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडा आणि पट्टा आत ओढून बांधा. उपासमार दाखवायला मेकअपपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

चौकशीचा प्रसंग

खुर्ची, टांगता बल्ब, थोबाडीत. हा प्रसंग लिहिताना लेखकाला फार कष्ट पडत नाहीत, आणि ते दिसतंही. कैद्याला चारच गोष्टी सांगणं बंधनकारक आहे: नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक. मारहाण झालीच नाही असं नाही. जपानी छावण्यांत ती रोजची होती. पण दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा चौकशी अधिकारी हान्स शार्फ वैमानिकांशी गप्पा मारायचा, त्यांना फिरायला न्यायचा. आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे असं भासवायचा. कैदी एखादी चूक दुरुस्त करायला तोंड उघडायचा आणि माहिती निसटायची. थोबाडीतीपेक्षा हे भयंकर आहे, आणि रंगमंचावर फक्त दोन खुर्च्या लागतात.

पहारेकरी एकाच साच्यातले

काळा गणवेश घातलेला, किंचाळणारा जर्मन सगळीकडे खपवला जातो. प्रत्यक्षात पकडलेल्या वैमानिकांच्या जर्मन छावण्यांवर हवाई दलाचेच लोक असत, त्यांत आघाडीवर पाठवता न येणारे वयस्कर बरेच. दुसऱ्या महायुद्धात कैद्यांना राबवून बांधलेल्या सयाम-बर्मा रेल्वेवर जपान्यांच्या हाताखाली कोरियन पहारेकरी होते, आणि जपानी सैन्यात वरचा खालच्याला मारतच असे. मार उतरंडीनं खाली येत कैद्यापर्यंत पोचायचा. पहारेकऱ्यालाही एक वरिष्ठ द्या, पात्र लगेच माणसात येतं.

भाषेचाही विचार करा. १९७१ च्या युद्धात दोन्हीकडे पंजाबी बोलणारे होते. तिथं दुभाषी आणलात तर हसं होईल. उलट उदाहरण ठाण्यातलंच आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे युद्धकैदी नव्हते, पण सप्टेंबर १८१६ मध्ये ते ठाण्याच्या किल्ल्यातून, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहातून निसटले. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठी गाण्यातून बेत सांगत होता आणि पहारेकऱ्यांना काही कळत नव्हतं, असं सांगतात. न कळणारी भाषा ही पहारेकऱ्याची दुबळी बाजू असते, ती वापरा.

हजेरी

छावणीचा दिवस मोजणीभोवती फिरतो. जर्मन छावण्यांत पाच-पाचच्या रांगा करत. दहा कैद्यांतला एक पळालाय, नऊ नट आहेत: पुढे पाच, मागे चार. पहारेकरी पुढची रांग मोजून वळसा घालून मागे येतो, तेवढ्यात पुढच्यातला टोकाचा माणूस एक पाऊल मागे सरकतो. दहा भरले! तालमीत हे पावलांच्या मोजणीवर बसवा. सरकणारा अर्धं पाऊल उशिरा आला तर प्रेक्षकांना पहारेकरी आंधळा वाटतो.

पलायन

मोटारसायकल आणि गोळीबार विसरा. ऑगस्ट १९७२ मध्ये दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे भारतीय वैमानिक रावळपिंडीच्या छावणीतून पळाले आणि अफगाण सीमेच्या तोंडाशी लंडीकोतलला सापडले. त्यांनी लंडीखान्याला जायची चौकशी केली होती, आणि तिथली रेल्वे १९३२ मध्येच बंद झालेली! पकडले जायला एवढी चूक पुरते. पुन्हा पकडलेल्याला भिंतीशी उभं करून गोळी घालणं हा करारानुसार गुन्हा आहे. पलायनाच्या प्रयत्नाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, जास्तीत जास्त ३० दिवस.

कॅलेंडर

युद्ध संपलं की सगळे घरी, असं लिहू नका. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबर १९७१ ची. भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० जण होते. शिमला करार जुलै १९७२ मध्ये झाला, तरी परतपाठवणी एप्रिल १९७४ पर्यंत चालली. पत्रांचाही हिशेब ठेवा: करारानुसार छावणीनं मर्यादा घातली तरी महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यावी लागतात. दर रविवारी पत्र लिहिणारा नायक या हिशेबात कुठे बसतो ते बघा.

लघुपट असेल तर येऊरचं रान मोहात पाडतं; पण ते राष्ट्रीय उद्यानात आहे, वनखात्याची परवानगी आधी घ्या. नकली बंदुका असतील तर स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा. आणि जेवणाच्या सुट्टीत शत्रूच्या गणवेशातल्या नटाला नाक्यावर वडापाव आणायला पाठवू नका.